वारशाची आंघोळ

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (प्रयोगशाळेत आडवं व्हायला जागा नाही, म्हणून लेखी.)

तुमचा गुडघा कसा आहे? आणि कान? कान ठणठणीत असणार. शेजारच्यांचं भांडण तुम्ही आईला फोनवर शब्दशः सांगितलंत. मी बरी आहे. वेळेवर जेवते. लग्नाबद्दल काही लिहिलंय का म्हणून पान उलटून पाहू नका, मागे कोरं आहे.

तुमचे वर्गमित्र, म्हणजे आमचे संचालक (विद्यार्थ्यांत नाव 'शनी', एकदा बसले की हलत नाहीत), यांनी ठरवलं होतं की वारसा समितीने मान डोलावली की घुमटातली जुनी दुर्बीण काचेच्या कपाटात ठेवायची. ती मी सांभाळते. विद्यार्थी तिच्यावरच आकाश पाहायला शिकतात. कपाटात गेली की तिचं नुसतं शोभेचं नळकांडं होणार. समिती यायच्या आदल्या दिवशी सरांनी फोनवर फर्मावलं, "वारसा चकाचक करून ठेव." खरखर फार होती. मी ऐकलं, "आरसा". आता दुर्बिणीचा आरसा काही फडक्याने पुसत नाहीत (मामी पदराने चष्मा पुसते तसा तर नाहीच). तो बाहेर काढून शुद्ध पाण्याने धुवायचा आणि आपला आपण वाळू द्यायचा. त्यामुळे समिती आली तेव्हा दुर्बीण रिकामी आणि आरसा लाकडी घोडीवर उभा, निथळत.

सर पांढरे पडले. "अगं, वारसा म्हटलं होतं मी, वारसा!" पण अध्यक्षबाई आरशासमोर पोचल्या होत्या. आरसा खोलगट, त्यामुळे लांबून त्या उलट्या दिसल्या. जवळ गेल्या तशा सुलट झाल्या आणि नाक भोपळ्याएवढं झालं. "अगंबाई, हे माझं?" मग अख्खी समिती रांग लावून पुढे-मागे करू लागली. हे असं उघडं का ठेवलंय, असं बाईंनी विचारल्यावर सर कसेबसे म्हणाले, "आज त्याची... आंघोळ आहे."

"म्हणजे अजून वापरात आहे?"

"आहे," मी म्हणाले.

"मग ज्याला अजून आंघोळ लागते, त्याला कपाटात कसलं कोंडताय?"

तिथल्या तिथे शेरा पडला: दुर्बीण घुमटातच राहील, वापरात. सर तेव्हापासून माझ्याशी फक्त ओरडून बोलतात.

तुमची भाची

ता.क. आईला यातलं गुडघ्यापुरतंच सांगा.

ता.क. आमच्या घराण्यात कमी ऐकू येतं का, हे विचारायला सर तुम्हाला फोन करणार आहेत. कृपा करून निदान तीनदा "काय?" म्हणा.

ता.क. फोनवर खरखर नव्हती.