डोरीनबाई लोअर हटला येतात

लोअर हट, न्यूझीलंड
९ फेब्रुवारी २०१४

तीर्थस्वरूप आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आपण दोघं पुन्हा नुसतेच गप्प बसलो होतो. तुम्ही हवा विचारलीत, मी हवा सांगितली, आणि मग आईंनी फोन घेतला. गेल्या ऑगस्टमध्ये समीर ऑफिसात कोसळला आणि गेला, तेव्हापासून सासऱ्या-सुनेचे आपले फोन असेच चाललेत. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात निदान गप्प बसता येत नाही.

अनुष्का आणि मी, दोघी ठीक आहोत. मी कामावर जाते, डबे करते, कपडे वाळत घालते. हॉस्पिटलात माझ्याबरोबर काम करणारी निशिगंधा म्हणते, तू इतकी शांत कशी राहतेस. मी शांत नाही, आप्पा, मला काही वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी सगळीच झालेय. ‘समीर गेला’ हे आत्ता लिहिलं तेसुद्धा हॉस्पिटलात पेशंटच्या कागदावर लिहावं तसं लिहिलं गेलं.

आई म्हणाल्या, अनुष्काला जूनपासून पुण्याच्या शाळेत घालू, तुझ्या पाळ्या सांभाळून तू पोरीकडे कधी बघणार? देवयानीताईंनी म्हणे भावाच्या लेकीसाठी शाळाही बघून ठेवली. मी हो म्हटलं. त्याचंही मला काही वाटलं नाही. अनुष्काला सांगितलं, तर ती ‘ओके’ म्हणाली आणि टोस्टला लोणी लावत राहिली.

आता कामाचं. तिला शाळेत एका कलावंताच्या कारकिर्दीवर वर्गासमोर बोलायचंय आणि तिने तुमच्या डोरीन टॅलबर्टला निवडलंय. तिच्या टीचरनाही हे नाव माहीत नाही. अनुष्काला बाबाकडून कळलं ते एवढंच, की ही अमेरिकन बाई आधी पॉप गायची, मग कंट्री, मग देवाची गाणी, आणि आप्पांनी तिच्यापायी एक परीक्षा बुडवली. तुम्ही सविस्तर लिहून पाठवा. मी वाचून, इंग्रजी करून सांगेन.

आईंना नमस्कार. या घरावर माया असू द्या.

आपली,
निवेदिता


पुणे
२६ फेब्रुवारी २०१४

चि. सौ. निवेदितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोहोचले. येथे सर्व क्षेम. प्रथम एक दुरुस्ती. मी परीक्षा बुडवली नव्हती. उशिरा पोहोचलो होतो आणि तरीही पास झालो. परदेशातल्या शाळेत आमच्याविषयी खोटा इतिहास पसरवू नये.

आता डोरीनबाई. जन्म अलाबामातल्या एका गावात. वडिलांचा पेट्रोल पंप. मोटारींच्या काचा पुसता पुसता पोरगी गात असे. सतराव्या वर्षी तिची पहिली रेकॉर्ड निघाली. डोक्यावर केसांचा हा मोठा डोंगर, पायांत पांढरे बूट, आणि आवाज असा की आत्ता शिट्टी वाजवत जिन्यावरून कोणी खाली येईल. ते पॉप. अनुष्काला सांग की पॉप म्हणजे उथळ असे समजणारे लोक स्वतः उथळ असतात. आमच्या टेलिफोन कारखान्यातला एक अमेरिकन इंजिनियर परत जाताना तिच्या रेकॉर्ड माझ्याकडे टाकून गेला. तुझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात फर्निचर म्हणून एक टेबल आणि या डोरीनबाईच होत्या. हिने त्या सवतीला कसे नांदवून घेतले ते हीच सांगेल.

पुढे लोकांची आवड बदलली. नव्या पोरी आल्या, नवे केस आले. पंचविशीतच बाई जुनी झाली. तिथवर भाग पहिला. मुलीने पाठ करावा, कागदात बघून वाचू नये.

मधली खोली तयार होत आहे. हिने पडदे धुतले, मी कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल दिले. पोरगी आली की घराला जरा आवाज येईल.

तुम्हा दोघींवर आमचा जीव आहे, तो तसाच समजावा.

आप्पा


लोअर हट
१६ मार्च २०१४

तीर्थस्वरूप आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

भाग पहिला अनुष्काला फार आवडला. जॅण्डल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून मागच्या लाकडी डेकवर फेऱ्या मारत ती तो घोकते. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या मार्गारेटना आता डोरीनबाईंच्या वडिलांचा पेट्रोल पंपही ठाऊक झालाय.

तुमच्या पत्रातलं माझ्या नावामागचं ‘सौ.’ पाहून तिने विचारलं, हे काय? मी सांगितलं, लग्न झालेल्या बाईच्या नावामागे लावतात, नवरा असेपर्यंत. त्यावर ती म्हणाली की मग आजोबांची चूक झाली. मी म्हटलं, आजोबा पत्रात चुका करत नाहीत. मग आम्ही भात जेवलो.

मधली खोली म्हणजे समीरची खोली ना? तुम्ही नाव घेतलं नाहीत म्हणून विचारते.

आता खरी बातमी. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले, तर काचेवर कागद चिकटवलेला. डोरीन टॅलबर्ट! ईस्टरला, इथे लोअर हटमध्ये, एका चर्चच्या सभागृहात. आधी वाटलं दुसरी कुणी असेल. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, हो, अमेरिकेची जुनी गायिका आहे, आता गावोगावच्या चर्चमध्ये गात फिरते. समीर असता तर त्याने तो कागदच काढून घरी आणला असता. अनुष्का जाऊया म्हणतेय. मला जावंसं वाटत नाही आणि न जावंसंही वाटत नाही. पुढचे भाग त्याआधी येऊ द्या.

आपला हात आमच्या डोक्यावर आहेच, तो राहू दे.

आपली,
निवेदिता


पुणे
२ एप्रिल २०१४

चि. सौ. निवेदितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वरचे ‘सौ.’ मी लिहिणारच. देवयानीने पाकीट पाहिले आणि मला ओरडली, आप्पा, लोक काय म्हणतील, निवेदिताला काय वाटेल. लोकांना माझी पाकिटे वाचायचे कारण नाही. या विषयावर चर्चा नको.

भाग दुसरा. डोरीनबाई नॅशव्हिलला गेली आणि कंट्री गाऊ लागली. कंट्री म्हणजे तिकडची गावाकडची गाणी. घर, रस्ता, भांडण, उन्हाळा असले विषय. पूर्वी पोरगी गात होती, आता बाई गाऊ लागली. आवाज खाली उतरला आणि भरला. माझ्या मते हीच तिची खरी कारकीर्द. गुरांच्या बाजारात ट्रकवर उभी राहून गायली, आणि पुढे तिथेच तिला पाहायला गावेच्या गावे लोटली. बक्षिसे मिळाली, पण तिचे मोठेपण बक्षिसांत नाही. ती ओळीच्या शेवटी श्वास घेताना लपवत नसे, हे अनुष्काने वर्गात सांगावे. कोणाला कळणार नाही, तरी सांगावे.

भाग तिसरा लहान आहे. तिच्या घरी काही घडले आणि त्यानंतर ती फक्त गॉस्पेल गाऊ लागली, म्हणजे आपल्याकडे भजन म्हणावे तसे. काय घडले ते शाळेतल्या भाषणात नको. त्या काळातल्या रेकॉर्ड मी घेतल्या नाहीत.

तरीही जाऊन या. आवाज किती उरला आहे ते कळव. माझ्या वतीने टाळ्या वाजव.

जूनच्या पहिल्या आठवड्याचे अनुष्काचे तिकीट पक्के झाले. देवयानी विमानतळावर येईल, मीही येईन.

लोभ धरलाच आहेस, तो सैल सोडू नये.

आप्पा


लोअर हट
२७ एप्रिल २०१४

तीर्थस्वरूप आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या हातून एक घोटाळा झालाय. आईंना जवळ बसवून वाचा, म्हणजे दोनदा रागवायला नको.

आम्ही गेलो. डोरीनबाई उंच स्टुलावर बसून गायल्या. केसांचा डोंगर ओसरलाय. पांढऱ्या केसांची बारीकशी म्हातारी, पायांत साधे सपाट बूट. आवाज तुमच्या रेकॉर्डमधला नाही. वरचे सूर त्या सोडूनच देतात आणि लोक ते गातात. श्वास अजून लपवत नाहीत.

मधे त्या बोलल्या. त्यांचा मुलगा तरुण वयात गेला. पुढे कितीतरी दिवस त्यांना काही वाटत नव्हतं आणि गाता येत नव्हतं. बाकीच्या गाण्यांत काहीतरी वाटत असल्याचं सोंग करावं लागायचं, चर्चमधल्या गाण्यांत नाही, म्हणून तेवढीच उरली, असं म्हणाल्या. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आप्पा. म्हणून भाग तिसरा लहान.

शेवटच्या गाण्याला पाद्रींनी सांगितलं, ज्यांना वाटत असेल त्यांनी पुढे या. लोक उठून रांगेत निघाले. मीही अनुष्काला घेऊन रांगेत उभी राहिले. आपल्याकडे कीर्तन संपलं की पुढे जायचं, तीर्थ-प्रसाद घ्यायचा, तसे आपले पाय निघाले. बुक्का लावून घ्यायला कपाळ पुढे करतात तसं मी कपाळसुद्धा पुढे केलं. पाद्रींनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, कुणासाठी प्रार्थना करू? मी समीरचं नाव सांगितलं. ते त्यांना नीट म्हणता येईना, तेव्हा अनुष्काने त्यांना दोनदा म्हणायला लावलं आणि सांगितलं, तो माझा डॅड आहे. होता नाही म्हणाली, आहे म्हणाली. मग तिथल्या सगळ्या अनोळखी माणसांनी मिळून ते नाव घेतलं.

प्रसाद काही मिळाला नाही. दोन दिवसांनी घरी दोन बायका लझानिया घेऊन आल्या. मी ख्रिस्ती व्हायला उभी राहिले असं त्यांनी धरलं होतं. बाप्तिस्म्याची तारीखही ठरलेली. टाकीत बुडवतात, तेव्हा टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि टॉवेल आणा, असं त्यांनी प्रेमाने समजावलं. हे ऐकून अनुष्का इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. या घरात ऑगस्टनंतर कुणी हसलं नव्हतं. मी पाद्रींना भेटून माफी मागितली, आपल्याकडची रांग समजावून सांगितली. तेही हसले. प्रार्थना मात्र परत घेता येत नाही म्हणाले. मी त्यांना चिवडा दिला.

तुमच्या वाटच्या टाळ्या वाजवल्या. घोटाळा पोटात घाला.

आपली,
निवेदिता


पुणे
१२ मे २०१४

चि. निवेदितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र हिने मोठ्याने वाचले. रांगेत उभी राहिलीस त्यात काही बिघडले नाही. पुढे कोणी डोक्यावर हात ठेवत असेल तर माणसाने जावे.

आज ‘सौ.’ लिहिले नाही, तुझ्या लक्षात आले असेल. ते तुझ्यासाठी नव्हतो लिहीत. ते गाळले की आमचा समीर गेला असे माझ्याच हाताने लिहिल्यासारखे झाले असते. व्हिसा वेळेत मिळाला नाही, म्हणून त्याच्या अंत्यविधीच्या वेळी लॅपटॉपसमोर आम्हांला बसवले होते. मी चष्मा काढून बसलो होतो. मी काही पाहिले नाही, निवेदिता. समीर गेला. तुझे पत्र ऐकून मी फार रडलो. हीही रडली. नंतर आम्ही त्याच्याविषयी बोललो, तो लहानपणी किती खोटे बोलायचा तेही बोललो.

आता अनुष्काला लवकर येऊ दे. समीरच्या खोलीत मी रोज संध्याकाळी दिवा लावून बसतो. पूर्वी काही वाटत नव्हते तेव्हा दिवस तरी जात होते. आता जात नाहीत. पोरीचे कपाळ त्याच्यासारखे आहे. ती समोर वावरली तर आम्ही दोघे तरून जाऊ. याहून जास्त मागत नाही.

तुझाच,
आप्पा


लोअर हट
२५ मे २०१४

तीर्थस्वरूप आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. हे पत्र मी दोनदा फाडलं. आता लिहिते ते पोस्टात टाकणार आहे.

अनुष्काचं भाषण चांगलं झालं. श्वासाचं तिने सांगितलं. कुणाला कळलं नाही.

काल तिची बॅग कपाटावरून काढली. कपडे भरता भरता तिने विचारलं, इंग्रजीतच, की मी गेल्यावर तू रात्रीचं जेवशील ना? म्हणजे इतके महिने ती माझ्या ताटाकडे बघत होती. एवढीशी पोर. मला वाटलं होतं, ती ओके म्हणाली म्हणजे ओके आहे. आणि मग मला भीती वाटली, आप्पा, इतकी की पलंगाची कड धरून बसावं लागलं. मागून रडू आलं. ती घाबरून मार्गारेटना बोलावून आली, त्यांनी चहा केला आणि दोघी माझ्या दोन बाजूंना बसून राहिल्या.

मी फेब्रुवारीत हो म्हटलं तेव्हा मला काही कळत नव्हतं. आईंचं चुकलं नाही, देवयानीताईंचं नाही. हॉस्पिटलात बोलून मी दिवसपाळी मागितली आहे. मिळाली नाही तर दुसरी नोकरी बघेन. तुम्ही दोघं इथे या, हवे तितके दिवस राहा, तिला समीरच्या सगळ्या खोट्या गोष्टी सांगा. सुट्टीत मी तिला घेऊन येईन आणि घेऊन परत जाईन.

तुम्ही दिवा लावून बसलेले मला इथून दिसता. पण तिकीट मी रद्द केलं. तुमचा मुलगा गेला, आप्पा, त्याच्यासाठी मला काहीही करता आलं नाही. माझी मुलगी मी देऊ शकत नाही.

रागावून लिहा, पण लिहा.

आपली,
निवेदिता