भोंग्याचा ताबेदार नव्हे

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंदा स्वतःच्या हातानं केलेलं काम: अकरा खुर्च्या, एक गोल जिना आणि वाचनालयाचं सात फुटी कपाट. कपाटात खिळा एकही नाही. सांध्यात पोस्टकार्ड शिरत नाही, घालून पाहिलंय. सुतारकी मला कुणी शिकवली नाही, हे तू जाणतेसच.

सोबत मासिकाचा अंक आहे. 'भोंग्याचा ताबेदार नव्हे' हा लेख माझा. कारखान्यात माणूस पाणी प्यायलाही परवानगी मागतो, हे वाक्य ग्रंथपालांना फार आवडलं. शुद्ध प्रत हिनं काढली. हिचा खोकला हटत नाही, म्हणून महिनाभर तुझ्याकडे पाठवतोय. तिला कामाला जुंपू नकोस. तीच तुला जुंपेल म्हणा!

लोभ आहेच, वाढला तर तक्रार नाही.
तुझा भाऊ

१५ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

लेख वाचला. भोंग्याचं वर्णन झकास, पण तो तू ऐकलास कधी रे? तीन वर्षं ऐकतेय ती तुझी बायको, त्या फर्निचरच्या कारखान्यात, पॉलिशच्या वासात. डॉक्टर म्हणाले, खोकला त्या वासाचाच. काम सुटलं नाही तर फुप्फुसं जातील.

मी तिला म्हटलं, असल्या कारागिराला कारखाना डोक्यावर घेईल, त्यालाच पाठव. तर म्हणते, ताई, त्यांच्यापाशी हा विषय काढू नका. त्यांना कुणी कधी बोलावलंच नाही, ते मनाला लागलंय त्यांच्या.

खरंच कुणी बोलावलं नाही? मला नको सांगूस, तिला लिही.

रागावले तरी मी ताईच.

१९ जून

प्रिय सौ.,

ताईचं पत्र चार वेळा वाचलं. तू माझी बाजू घेतलीस, आणि ती बाजूच खोटी निघाली.

मला बोलावलं होतं. तू नोकरीला लागलीस त्याच्या दोन महिने आधी, तू माहेरी असताना. कारखान्याचे साहेब स्वतः आले, माझ्याच बाकावर तासभर बसले. मी मान वर न करता रंधा मारत राहिलो आणि नाही म्हटलं. तू आल्यावर सांगणार होतो. मग घरात ओढाताण झाली, तू अर्ज भरलास, आणि मी तो भरू दिला.

तुझ्या हातांना वास यायचा तेव्हा मी खिडकी उघडायचो. एवढंच केलं. माझ्या स्वातंत्र्याची साडेचार पानं तू कामावरून येऊन लिहून काढलीस, आणि मी तुला एका वेलांटीवरून टोकलं. लाज वाटते.

उद्या कारखान्यात जाऊन विचारतो. घेतील न घेतील, तू मात्र त्या पॉलिशच्या विभागात परत जायचं नाहीस.

माया उरली असेल तर ठेव.
तुझाच

ता. क. काय नाकारलं तेही लपवायला नको: नमुना विभागाचा प्रमुख, महिना अडतीस हजार.