नवरदेवाला शोभेल अशी गाडी

रविवार, ५ जानेवारी २०२५

हुंडा घेत नाहीत म्हणे! सुपारी फुटून आठ दिवस झाले नाहीत, तर नवरदेवाला गाडी पाहिजे. बाबांनी जेवताना सांगितलं, भाकरीकडं बघत — "पोराला एक मोटारसायकल द्यावी लागंल." मी विचारलं, त्यांनी मागितली? "व्हय." आईनं लगेच सगळ्यांच्या ताटात कालवण वाढलं. आमच्या घरात याचा अर्थ विषय संपला.

नवरदेवाचं नाव रणधीर. गाव ईट, भूमला एका शाळेत क्लार्क. बघायला आला तेव्हा बशीतला चहा अर्धा पँटवर सांडला. नाव मात्र रणधीर! पण इथं खोटं कशाला लिहू — मला तो आवडला होता. स्वयंपाक येतो का, असं विचारलं नाही त्यानं. विचारलं, "दिवसभर दुकानात बसून कंटाळा येत नाही का?" असं मला आजपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. म्हणूनच आज जास्त चीड आली.

याआधी तीन स्थळांनी नकार कळवलाय. बरोबरच आहे. पोरगी सत्तावीसची. येरमाळ्यात हायवेला बापाच्या मोटारसायकलच्या पार्टच्या दुकानात बसते. नखांत ग्रीस. नुसत्या आवाजावरून चेन ढिली आहे की बेअरिंग गेलंय ते सांगते. असली सून कुणाला पाहिजे?

बाबांना सांगितलं — गाडी द्यायचीच असेल तर निवडणार मी. आणि ही मागणी खुद्द रणधीरची निघाली तर लग्न मोडलं म्हणून समजा. बाबा हात धुवायला उठले ते बराच वेळ नळापाशीच होते.

सोमवार, ६ जानेवारी

रणधीरला मेसेज टाकला, एकदम शोरूमवाल्याच्या थाटात. रोज किती चालवणार? रस्ता कसला — डांबरी, घाटाचा की रानातला? मागं कोण बसणार, सामान किती?

तीन तासांनी उत्तर आलं. "सगळंच थोडं थोडं."

वा! म्हणजे हायवेला पळावी, चिखलात रुतू नये, पेट्रोलचा नुसता वास घेऊन चालावी, आणि जमल्यास संध्याकाळी दोन लिटर दूधही द्यावं.

गुरुवार, ९ जानेवारी

पहिल्या गाडीचा फोटो पाठवला. शंभर सीसी. रोजच्या जाण्यायेण्याला यापेक्षा शहाणी गाडी नाही. हलकी, मायलेज उत्तम, पार्ट कुठल्याही खेड्यात मिळतो. अर्धा जिल्हा हिच्यावर दूध, कडबा आणि पाहुणे वाहतो.

उत्तर — "फारच साधी वाटते."

साहेबांना साधी नको. साहेब शाळेत दाखले लिहितात.

शनिवार, ११ जानेवारी

एकशे साठ सीसी पाठवली. हायवेला ट्रकच्या मागं कुढत बसावं लागत नाही, घाटात दम लागत नाही, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक.

"जरा जास्तच पळते असं ऐकलंय."

गाडी पळते, ही तक्रार मी दुकानातल्या नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकली!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. नवरदेवानं तिळगुळाचं चित्र पाठवलं. गोड बोला म्हणे. मी गोडच बोलले — उंच गाडी पाठवली, रानातल्या वाटेची. खालून जागा भरपूर, पावसाळ्यात काळी माती चाकात भरून गाडी जागेवर खिळत नाही. ईटला ह्यांचं शेत आहे, तिथं कामाला येईल.

"पाय टेकणार नाहीत."

पावणेसहा फुटाचा माणूस!

बुधवार, १५ जानेवारी

रागारागानं बुलेट पाठवली. "आवाज फार." आता फक्त बैलगाडी राहिली.

शुक्रवार, १७ जानेवारी

माझ्या लक्षात आलंय. याला दुचाकी नकोच. नावं ठेवत बसायचं, एकेक नाकारायची, म्हणजे सासरा कंटाळून चारचाकीवर येतो. फुकटचं खायचं आणि वर मिठाला नावं ठेवायची! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आईला म्हटलं तसं. "असं बोलू न्हाई, जावई हाय आपला." बाबांना म्हटलं तर त्यांचं वेगळंच — "अगं, कुठलीबी घे अन् मोकळी हो. त्यांना कशाला एवढं विचारायचं?" स्पार्क प्लग घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारणारा माणूस! पोरीच्या सासरचे म्हटलं की बापाची जीभ जड होते, एवढंच मला कळलं.

रविवारी बोलावलंय मी त्याला. चालवून बघ आणि सांग म्हटलं. यायचं कबूल करायला त्याला दीड दिवस लागला.

रविवार, १९ जानेवारी

आजचा दिवस सविस्तर लिहायलाच पाहिजे.

दुकानासमोर तीन गाड्या उभ्या केल्या. शंभरची आमचीच. एकशे साठची आणि उंच अशा दोन ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या. पुसून लख्ख. अकराला एसटीतून दोघं उतरले, रणधीर आणि त्याचे शिवशंकर मामा. मामा म्हणजे त्यांच्या घरातलं हायकोर्ट. वडील नाहीत रणधीरला, त्यामुळं सगळं मामाच ठरवतात, आणि मोठ्यानं ठरवतात.

"आमचा रणधीर म्हंजी लहानपनापासनं गाडीवरच!" मामा दुकानाच्या पायरीवरून म्हणाले. चार गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. रणधीरनं बुटाची नाडी बांधायला घेतली. बांधलेलीच होती ती.

मी एकशे साठची चावी पुढं केली. "आधी मामा बघतील," रणधीर म्हणाला. मामांना तेवढंच पाहिजे होतं. धोतर खोचून मामा गेले ते देवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. मग शंभरची. मग उंचसुद्धा! परत आले तर टोपी एका कानावर आणि चेहरा दहा वर्षांनी लहान. आता तू, म्हणाले. रणधीरच्या पोटात दुखायला लागलं.

बाबा मामांना चहाला घेऊन गेले. मी काउंटरला, तो समोर, मध्ये ब्रेक-शूचे डबे. मी म्हटलं, "हे बघा, मी सरळ विचारते. तुम्हाला नेमकी कशासाठी गाडी पाहिजे? तुमचं चालवणं कुठल्या प्रकारचं आहे?"

तो डब्यावरची किंमत वाचत बसला. मग म्हणाला, "मी मागं बसतो."

"म्हणजे?"

"मला गाडी येत न्हाई."

एकोणतीस वर्षांचा, धाराशिव जिल्ह्यातला, दोन हात दोन पाय शाबूत असलेला पुरुष! इथं दहावीला नापास झालेलं चालतं, पण गाडी न येणारा पुरुष — तो असतच नाही. त्यामुळंच आपण तसे आहोत हे रणधीरला कुणाला सांगता आलं नाही. घरी एकच गाडी, ती चार चुलत भावांची. याचा नंबरच लागला नाही. वीस वर्षांचा झाल्यावर विचारायची लाज वाटायला लागली. पंचविशीनंतर तर कुणाला विचारणार? मग एसटी बरी म्हणायचं, पेट्रोल महाग म्हणायचं, कंबर दुखते म्हणायचं. मामांना ठाऊक आहे. नाक राखायला ते गाव गाजवत फिरतात.

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय. तिच्याशीच माझी सुपारी फुटलीय हे आज कळलं.

हसले मी. फार हसले. तो उठून जाईल असं वाटलं, पण तोही हसायला लागला. मग मी एकदम थांबले आणि विचारलं, "मग गाडी मागितली कशाला?"

"म्या? म्या न्हाई मागितली! तुमचा मेसेज आला तवाच मला कळलं. मामांनी मागितली आसंल."

"मग मामांना नको का नाही म्हणालात?"

त्यानं ब्रेक-शूचे डबे एकावर एक रचायला घेतले. म्हणजे तो एकेका गाडीला नावं ठेवत होता — कंटाळून तुम्हीच सोडून द्याल म्हणून! मामांपुढं तोंड उघडण्यापेक्षा बुलेटचा आवाज फार हे सांगणं सोपं. धन्य.

सोमवार, २० जानेवारी

रात्री विचार करून अट घातली. मी गाडी शिकवते. तुम्ही मामांना सगळ्यांसमोर सांगायचं — गाडी नको. दोन्ही झालं तर लग्न. नाहीतर नमस्कार. उत्तर आलं, "शनिवारी किती वाजता येऊ?" निम्म्याच अटीचं उत्तर दिलंय, माझ्या लक्षात आलंय.

शनिवार, २५ जानेवारी

सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात शिकवणी. आई बांधावर बसलेली, राखणीला. कुणाच्या, ते विचारू नये.

शंभरचीच घेतली. क्लच हळू सोडा म्हटलं की तो सोडतच नाही. सोडा म्हटलं की एकदम सोडतो. गाडी बिथरल्या खोंडासारखी दोन उड्या मारते आणि बंद पडते. तो गाडीला सॉरी म्हणतो! गाडीला! आई पदर तोंडात धरून हसत होती.

दोनदा पडला. पडल्यावर आधी आरसा फुटला का बघतो, मग स्वतःचा गुडघा. हे मला फार आवडलं. इथं लिहून ठेवते, त्याला सांगणार नाही.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन उरकून आला, छातीला झेंड्याची टाचणी. रानाला तीन फेऱ्या, न पडता. चौथ्या फेरीला ओरडला, "अयोध्या, थांबवायची कशी?" तुरीत जाऊन थांबली.

मामांचं काय, विचारलं. "सांगतो."

गुरुवार, ३० जानेवारी

"सांगतो."

रविवार, २ फेब्रुवारी

पांदीच्या कच्च्या वाटेतून डांबरी रस्त्यावर आणला. मी मागं बसले. पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागं बसले असेन, हात कुठं ठेवावा कळेना. वीसच्या वर जात नव्हता. शेळ्या आम्हाला मागं टाकून गेल्या. वळणावर त्याचा घामानं भिजलेला शर्ट दिसत होता आणि मनात आलं, या माणसाबरोबर माझं बरं चालेल. फक्त त्यानं तोंड उघडायला पाहिजे.

उतरल्यावर सांगितलं. आठवडा देते. पुढच्या रविवारपर्यंत मामांना बोलला नाहीत तर मी स्वतः मोडणार. मला हळू चालवणारा चालेल. माझ्या बापाच्या कष्टाची गाडी गप्प बसून घेणारा चालणार नाही.

तो पांढरा पडला. मी पण पडले असेन.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बोलला!! त्याच्या सगळ्या घरासमोर, आई, मामा, चारही चुलतभाऊ. गाडी नको, मला चालवता येत नव्हती, आता अयोध्यानं शिकवली. फोनवर सांगताना त्याचा आवाज फाटला होता. चुलतभाऊ हसले म्हणे. हसू देत. "मामा काय म्हणाले?" "रविवारी येतो म्हनले, येरमाळ्याला."

या, मामा, या! शब्द तयार ठेवलेत. बाबांनी जन्मभर ग्रीसमध्ये हात घालून दुकान उभं केलं ते तुमच्या नाकासाठी नाही. दुसऱ्याच्या बापाचा खिसा चाचपायला लाज कशी वाटत नाही? हे सगळं मी बाबांच्या देखत बोलणार. त्यांना बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं.

रविवार, ९ फेब्रुवारी

मामांनी माझं भाषण निम्मं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, आमी कवा मागितली गाडी? सुपारी फुटली त्या दिवशी तुझ्या वडलांनीच माझं हात धरलं. म्हनले, गाडी देतो, फकस्त पोरीला न्हाय म्हनू नगा."

बाबा गल्ल्यामागं नट-बोल्टचे डबे लावत होते. वर बघितलं नाही. "तीन जागी न्हाई म्हनले होते गं," एवढंच म्हणाले.

महिनाभर या पानांवर मी ज्याला नावं ठेवली, तो माझा बाप निघाला.