दारातली मोहरी

५ जुलै

विमले, एसटीत बसवताना पोरीचं तपासणीचं कार्ड घरीच विसरलीस. सासूची तपकिरीची डबी लपवायची मात्र बरी आठवण राहिली! असो. लावणी सोडून तू येणार नाहीस, म्हणून रोजची हकीकत या फोनात सांगून तुला धाडते. मी बोलते, तो लिहितो. उलट उत्तर देत नाही, सुनेपेक्षा बरा.

सरकारी दवाखान्यामागे दिवस भरलेल्या बायकांना ही खोली दिलीय. दोन खाटा, पंखा, खिडकीत फणस. तुझी गौरजा खुशीत आहे. आपल्या आरोंद्याला ऐन वेळी गाडी कुठली? त्यापेक्षा हे बरं. इथली आया काशीबाई केर काढते आणि दवाखान्याच्या उंबऱ्यावर मूठभर मोहरी पसरते. मी विचारलं, दारातच फोडणी दितस काय गो? ती हसली नाही.

६ जुलै

काशीबाई आज बोलली. रेडीची आनंदी गेल्या वर्षी इथे अडली होती. भूल देणारा नाही, पुढे न्या, अशी मोठ्या डॉक्टरने चिठ्ठी लिहिली. आनंदी गाडीतच गेली, पोटातल्या जिवासकट. भूल देणारा होता कुठे? डॉक्टरच्याच बाजारातल्या दवाखान्यात. तिथे तो सदा हजर.

तेव्हापासून भर दुपारी ती दारात येते. बाळंतपणात गेलेली बाई दाणे वेचल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, म्हणून मोहरी डॉक्टरनेच पसरायला सांगितली. शिकलेला माणूस हो! औषधं महिना महिना नसतात, मोहरी कधी संपत नाही.

७ जुलै

दुपारी पाहिली. उंबऱ्यापाशी उकिडवी. पोट तसंच. साडी कमरेपासून भिजलेली. एकेक दाणा ओटीत टाकत होती. मी म्हटलं, कंबर दुखत असतली गो. तिने मान हलवली.

८ जुलै, सकाळ

गौरजाला कळा. मूल आडवं. डॉक्टरने चिठ्ठी लिहिली. भूल देणारा नाही, पुढे न्या. मी पाया पडले. त्याने पाय मागे घेतला.

दुपार

केरसुणी घेतली. काशीबाईने हात धरला, मी सोडवला. दाणा न् दाणा झाडून पदरात बांधला. बाजूला सरले. म्हटलं, ये गो बाय, भितर ये —

मग

भूल देणारा धावत आला, अनवाणी — कुणी बोलावलं त्यालाच ठाऊक नाही. गौरजाला आत घेतलं. दाराच्या फटीतून पाहिलं, डॉक्टरच्या मनगटांवर आनंदीचे ओले हात. कापतो तो, पण चालवते ती —

रडलं! मुलगी. दोघी बऱ्या —

चार वाजता

डॉक्टर जमिनीवर. कण्हतोय, अडलेल्या बाईसारखा. पोट वर येतंय, विमले, डोळ्यांदेखत — गाडी मागतोय. त्याचीच चिठ्ठी त्याच्या खिशात घातली. म्हटलं, पुढे न्या.

गाडी नाक्यापर्यंतच. तोही गाडीतच गेला —

संध्याकाळ

आनंदी अजून इथेच आहे. रिकाम्या खाटेवर बसलीय. पोट सपाट. नजर पाळण्यावर — पदर सोडला, मोहरी पुन्हा पसरायला — एक दाणा नाही. सगळी तिच्या ओटीत —

म्हणते, मीही बाळंतीण. माका कोणी जेवूक घातला नाय. जेवले तर जाईन, नाहीतर रिकाम्या हाताने जाणार नाय —

विमले, शेवटच्या एसटीने पेज पाठव. दोघींची. तिच्या पेजेत मीठ घालू नको, गेलेल्यांना ते चालत नाही, आणि वर तूप —