आज गाडीला सेल्फ मारू नका

बाबा,

पूजा आटोपली की रोजच्यासारखे उदबत्ती घेऊन गाडीकडे जाल, म्हणून चिठ्ठी उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवतोय. आज सेल्फ मारू नका. बॅटरीची वायर मी काढलीय, ती जोडू पण नका.

काल तुम्ही गावमंडळाच्या मीटिंगला गेलात तेव्हा मी फियाटचा कॅमशाफ्ट काढून रेसवाला बसवला. रविवारच्या रॅलीसाठी. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही.

आत्ता पुन्हा उघडून बघितलं. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनच्या दोन चक्रांवरच्या खुणा समोरासमोर यायला हव्यात, माझ्या एक दात सरकल्यात. गाडी सुरू केली तर व्हॉल्व पिस्टनवर आपटून इंजिनची वाट लागेल. उघडताना पॅकिंग फाटलं, ते आणायला सांताक्रूझला जातोय. दहापर्यंत येतो.

कुंदाताईला कळा सुरू झाल्याच तर खालच्या मार्तंडकाकांना टॅक्सी सांगून ठेवलीय. आपली गाडी का नाही, ते तिला मी सांगेन.

जुना कॅमशाफ्ट तेल लावून माझ्या खाटेखाली ठेवलाय. तुम्ही बसवलेला तो. चौदा वर्षांनी खोलला तरी एकही बोल्ट अडला नाही, आणि खुणा अगदी समोरासमोर होत्या.

सहदेव