नाक्यावर माझा फ्लेक्स

९ जून
रेणापूरच्या नाक्यावर माझा फ्लेक्स लागलाय! मला न विचारता! "आमची लेक कु. दीपमाला हिची खो-खोच्या जोरावर पुण्याच्या नामांकित महाविद्यालयात निवड — हार्दिक अभिनंदन!" त्याखाली माझी सगळी मेडलं. त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, माझ्यापेक्षा मोठे. काम माझ्या वडिलांचं, अण्णांचं.

निवड झालीय, खरंय. आमचे कोच चंद्रप्पा सर, त्यांनी खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज भरला, पुण्यानं बोलावलं. पण मी हो कुठं म्हटलंय अजून?

१० जून
लातूरला सरावाला गेले. लक्ष नाही. दोनदा फाऊल. सर खांबापासून ओरडले, "दीपे, ध्यान कुठं हाय तुझं?"

ध्यान विषयात आहे. पुण्याच्या कॉलेजचे क्रीडा-संचालक मागे म्हणाले होते, विषय आम्हीच देतो. मला अर्थशास्त्र पाहिजे. मनापासून पाहिजे! बारावीचं तेवढं एकच पुस्तक मी परीक्षा संपल्यावर पुन्हा वाचलं. हे सांगू कुणाला? आमच्या लातुरात शेंबडं पोरगं दिसलं तरी लोक आधी मार्क विचारतात. मला मात्र — मेडल किती? निकाल लागला त्याच दिवशी आम्ही स्पर्धा जिंकून आलो. पेढे वाटले ते मेडलचे.

११ जून
झोप नाही. आई म्हणे फ्लेक्समुळं नजर लागली. मीठ-मोहरी उतरवून टाकली. काही फरक नाही!

१३ जून
नांदेडला उज्ज्वलाताईकडे जाऊन आले. ती मूळची हदगावची, आमच्या टीमची जुनी कॅप्टन. त्याच पुण्याच्या कॉलेजची पदवी आहे तिच्याकडे. आता शाळेत मुलींना खेळ शिकवते.

म्हणाली, "नाव लई मोठं हाय गं त्या कॉलेजचं. नुसतं सांगितलं तरी लोक खुर्ची देतात. मग विचारतात, विषय कोणता होता? तिथं माझी दातखीळ बसती." वर्गात ती बसलीच नाही. सकाळी सराव, दुपारी झोप, परीक्षेच्या आदल्या दिवशी गाईड. गुडघा गेला तसं होस्टेलही गेलं. शेवटचं वर्ष मावशीकडे राहून काढलं.

म्हटलं, मग जाऊ नको म्हणतेस?

"जा की! असं नाव सोडतेत का? पण आधी त्यांना एक विचार — पाय मोडला तर शिकता येईल का?"

ती हसली. मला हसू आलं नाही. गाडीत सगळा रस्ता तेच डोक्यात.

१५ जून
विचारलं! फोन स्पीकरवर होता, पुण्याचा साहेब कसा बोलतो ते अण्णांना ऐकायचं होतं. आवाज गोड. अर्थशास्त्र? "त्याचे तास सरावाच्या वेळी असतात, बेटा. खेळाडूंना आम्ही सोपा विषय देतो. हजेरीची काळजी नको."

सर, पाय मोडला तर?

साहेब म्हणाला, "असं अशुभ का बोलायचं?" मी पुन्हा विचारलं. "मग ती जागा दुसऱ्या खेळाडूला द्यावी लागते. तू समजदार आहेस."

मला नको, म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं! फोन ठेवला.

अण्णा लालबुंद. "डोकं फिरलं का तुझं? काय करलालीस हे? गावाला काय तोंड दाखवू मी? फ्लेक्स लावलाय न्हवं!"

"मला विचारून लावला होता का?" जन्मात पहिल्यांदा उलट बोलले. ते चप्पल न घालताच बाहेर गेले. मला रडू आलं. अजून राग आहे — त्यांचा, साहेबाचा, माझा पण.

१६ जून
अबोला. घरात नुसते भांड्यांचे आवाज.

१७ जून
नाक्यावर फ्लेक्स नाही. अण्णांनी स्वतः उतरवून आणला, त्यानं कडबा झाकला.

संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "दीपे, बारावीला मार्क किती पडले गं तुला?"

ब्याण्णव टक्के, म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. डोळे पुसत उठले ते.

उद्या आम्ही दोघं पुण्याला निघतोय. कोट्यातून नाही, मार्कांवर अर्ज भरायला, अर्थशास्त्रासाठी! खेळाचे बूट पण पिशवीत टाकलेत. खेळ कुठं सोडलाय मी?