कमळाकाकूंचा चहा

११ एप्रिल, शनिवार
ग्रा.पं.त बोलावणं. सरपंचबाई म्हणाल्या, "मंगलताई, कोरोनात गेलेल्यांच्या नावाची शिळा बसवायची हाय, एक मेच्या दिवशी, शाळेपुढं. नावं तुमच्याकडंच असतील." आहेत. आशा सेविका म्हणून तेव्हा घरोघर ऑक्सिजन बघत फिरायचे, त्या वहीत. पाच वर्षं ट्रंकेत तळाला पडलीय. प्रत्येक घरची परवानगी घ्यायची, आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द कोण बोलणार तेही विचारायचं.
हो म्हणून आले. वही काढली नाही.

१३ एप्रिल, सोमवार
काढली. अक्षर माझंच, घाईतलं. ९४, ९१, ८८. काही नावांपुढं आकडे एकदम थांबतात.
कमळाकाकू, ८२. अंगणात उभ्या होत्या, शेणाचे हात धुऊन पुढं केले. "मशीन बिगडलंय तुजं," म्हणाल्या. मी माझ्या बोटाला लावलं. ९८.
मशीन बरोबर होतं.

१६ एप्रिल, गुरुवार
दिवसभर घरं. एकानं दारातूनच परत पाठवलं. "इसरलोय ते बरं हाय. नको." एका घरी आईनं लेकाचा फोटो आणून दिला, सव्वीस वर्षांचा. विचारत होती, पिंट्या म्हणून कोरता येईल का, पाळण्यातल्या नावानं त्याला कुणीच हाक मारत नव्हतं. लिहून घेतलं पिंट्या. फोटोही घेतला, शिळेवर फोटो लागणार नाही हे सांगवलं नाही.
तात्यांचं, कमळाकाकूंच्या मालकांचं, घर तेवढं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं.

१९ एप्रिल, रविवार
गेले तात्यांकडं. एकटेच असतात. काकू गेल्यापासून म्हशी विकल्या, गोठ्यात आता सरपण. मी गावात नवी सून म्हणून आले तेव्हा याच गोठ्यात काकूंनी मला धार काढायला शिकवली. म्हैस लाथ मारायची, काकू हसायच्या.
"घाल की नाव," तात्या म्हणाले. "आन बोलायचं तूच. शेवटाला तूच हुतीस तिच्यापशी. च्या पिली, हसली, ते सांग. समद्यांना कळू दे, सुखानं गेली म्हातारी."
मान हलवली. दरवर्षी तिथीला माझ्या घरी पुरणपोळी पाठवतात. तुझ्यामुळं तिला शेवटचा घोट मिळाला, म्हणतात. ती पोळी माझ्यानं कधी खाल्ली गेली नाही. हे आणि पोरं खातात.

२० एप्रिल, सोमवार
इथं तरी खरं लिहिते.
काकू दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. मीच मागं लागले. चार दिवसांत घरी आणते, म्हणाले. तात्या तापानं पडलेले, लेक सासरी लांब, म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये मी बसले. दोन दवाखान्यांत बेड नाही. शेवटी बारामतीच्या बाहेर एका हॉस्टेलात कोरोनाच्या पेशंटांची सोय केली होती, तिथं घेतलं. दारापाशी काकूंनी माझं मनगट धरलं. "मंगल, मला घरी ने. हितं नको. घरी मरते." मी बोटं सोडवली, एक एक. म्हणाले, उद्या येते.
गेले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. घरात दोन लहान पोरं, मला भीती वाटली. चौथ्या दिवशी फोन आला. दहन तिकडंच. तात्यांनी तोंडसुद्धा बघितलं नाही.
नंतर तात्यांनी विचारलं, कशी हुती? मी म्हणाले, बऱ्या होत्या. चहा घेतला. हसल्या.
चहा कुठला. पाणीसुद्धा मी दिलं नव्हतं.

२२ एप्रिल, बुधवार
ह्यांना सांगितलं. पहिल्यांदाच. जेवता जेवता थांबले. म्हणाले, "आता कशापायी सांगतीस? म्हाताऱ्याकडं तेवढंच हाय."
बरोबर आहे. पण माइकवर उभं राहून चहाचं बोलायचं? पिंट्याची आई समोर बसलेली असणार. सगळेच बसलेले असणार.

२५ एप्रिल, शनिवार
सांगितलं तात्यांना. सकाळी दहाच्या सुमारास. ओट्यावर बसून तूर निवडत होते. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं, बोटं सोडवली तेही. हात थांबले नाहीत त्यांचे. खडा काढायचा, बाजूला टाकायचा. सुपातली तूर संपली तेव्हा म्हणाले,
"घरी ने म्हणली?"
"हो."
"मग न्हेली का न्हाईस?"
काय सांगणार. नेलं असतं तर घरात गेल्या असत्या, एवढंच. पण तात्यांच्या शेजारी गेल्या असत्या. ते सूप घेऊन आत गेले. मी बराच वेळ थांबले, ते बाहेर आले नाहीत.

२८ एप्रिल, मंगळवार
टेंपोनं भिगवणला, शिळेवरची अक्षरं तपासायला. 'कमळाबाई' बरोबर कोरलंय. कारागीर म्हणाला, बदल असंल तर आत्ताच सांगा, नंतर दगड दुरुस्त होत न्हाय. तात्यांनी नाव काढ म्हटलेलं नाही. ठेव असंही म्हटलेलं नाही, आता. तसंच राहू दिलं. दगड उन्हानं तापला होता, हात ठेवला तर चटका बसला.
सरपंचबाईंना म्हणाले, मी फक्त नावं वाचीन. बोलायचं दुसऱ्या कुणाला सांगा.

१ मे, शुक्रवार
झेंडावंदन झालं, मग शिळा. मांडव छोटा, निम्मे लोक उन्हात. तात्या आले. धुतलेलं धोतर, टोपी. मागं बसले.
नावं वाचली. पिंट्या म्हटल्यावर त्याच्या आईनं तोंडात पदर कोंबला. कमळाबाईही वाचलं.
मग लोक बोलले. कुणाला दोन वाक्यंही धड जमली नाहीत. आणि तात्या उठले. सरपंचबाईंनी माइक हातात दिला. म्हणाले, "माजी बायकू सुखानं गेली. जाताना च्या पिली. हसली. ही मंगल हुती तितं. इचारा तिला."
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तात्यांनीही. डोळे कोरडे होते त्यांचे.
मी मान हलवली. हो म्हणाले.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाला वाजवतात अशा वेळी.

२ मे, शनिवार
अंग मोडून आलंय. आशाच्या घरभेटींना गेले नाही. हे म्हणतात, झालं ते चांगलंच झालं, म्हाताऱ्यानंच मिटवलं. मिटवलं? आता ते दोघांनी मिळून बोलायचं खोटं झालं. आधी निदान त्यांच्यासाठी तरी खरं होतं. तेही मी काढून घेतलं.

४ मे, सोमवार
तात्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत बसले नाहीत, दारातच उभे. पाणी दिलं तर घेतलं नाही.
"ती जागा दाव मला," म्हणाले.
"कुठली?"
"जितं तिनं तुजा हात धरला ती. गुरवारी जाऊ."
येते म्हणाले. दुसरं काय म्हणणार. ते मान न हलवता वळले, गेले.
सांगायला हवं होतं त्यांना. तिथं आता काही नाही. ते परत हॉस्टेल झालंय, पोरी शिकायला राहतात. त्या दारापाशी दोरीवर ओढण्या वाळत असतील. रखवालदार विचारील, कुणाला भेटायचंय. काय सांगायचं त्याला.
तात्या मात्र गुरुवारी घालायला कोट काढून ठेवणार, मला माहीत आहे. लग्नातला आहे तो.